एक वर्ष, पूर्ण केले

दिल्लीतली मराठी माणसं नोएडाला अण्णासाहेब रिसबुडांकडे लग्नाची पत्रिका द्यायला जायची ती घाबरतच. पत्रिका हातात पडली की अण्णासाहेब वधूवरांना आशीर्वाद देण्याआधी खिशातलं लाल पेन काढायचे. ‘प्रतिक्षा’तला ति दीर्घ व्हायचा, ‘आशिर्वाद’ सरळ व्हायचा, आणि पत्रिका आणणाऱ्याच्या हातात परत यायची, शाळेच्या वहीसारखी. एकदा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका उपाहारगृहात फळ्यावर ‘थालिपिठ’ लिहिलेलं दिसलं, तेव्हा ते ताटावरून उठले. ओल्या बोटाने दोन्ही वेलांट्या पुसून नीट काढल्या. परत येईपर्यंत पुढ्यातलं थालीपीठ चामड्यासारखं झालं होतं. तेही त्यांनी खाल्लं, समाधानाने.

घरात मात्र त्यांचं पेन चालत नसे. अलकनंदाबाई चाळीस वर्षं दिल्लीत राहिलेल्या, आणि त्यांचं मराठी त्यांच्या फोडणीसारखं होतं, हाताला लागेल ते टाकायचं. “अहो, चलो ना, कितना टाइम लावताय! करेक्शन बाद में करा!” असं त्या जिन्यातून ओरडायच्या, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. अण्णासाहेबांना चिडवायला त्या मुद्दाम दोन हिंदी शब्द जास्त घालतात, असा सेक्टर एकावन्नमधल्या बायकांचा पक्का संशय होता. संशय खरा होता.

निवृत्त होण्याआधी अण्णासाहेब दिल्लीतल्या एका संशोधन कचेरीत संख्याशास्त्रज्ञ होते. कचेरी फौजेच्या कामाची, म्हणून तिचं नाव त्यांनी बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं. काम मात्र ते सगळ्यांना सांगत. भरतीला आलेला मुलगा कसल्या घरातून येतो आणि लेखी परीक्षेत किती गुण मिळवतो, याचा मेळ घालायचा. बाप किती शिकला, आई किती, घरात भावंडं किती, शाळा गावात की चार कोसांवर, घरी वर्तमानपत्र येतं का. हजारो मुलांचे कागद आणि हजारो गुण. त्यातून दरवेळी एकच चित्र निघायचं. बापाचं शिक्षण एक पायरी चढलं की पोराचे गुणही पायरीभर चढत. रेघ कशी, जिन्यासारखी. राजस्थान घ्या, बिहार घ्या, गढवाल घ्या, जिना तोच.

दोन हजार आठ साली वरून हुकूम आला, की मुलांना त्यांच्या भाषेत परीक्षा देऊन बघा. मराठीची प्रश्नपत्रिका करायचं काम अर्थातच अण्णासाहेबांकडे आलं. पहिला खर्डा त्यांच्या हाताखालच्या जयेशने हिंदीवरून केला. जयेश जन्माने मराठी आणि वाढीने करोलबागेचा. त्याने एका प्रश्नात लिहून ठेवलं होतं, ‘यश मिळवण्यासाठी माणसाने सतत चेष्टा केली पाहिजे.’

अण्णासाहेब पोट धरून हसले.

“अरे गाढवा, चेष्टा म्हणजे टिंगल! प्रयत्न म्हण! टिंगल करून फौजेत जाता आलं असतं, तर आपल्या कचेरीतला शिपाई जनरल झाला असता!”

“सर, हिंदीत तर...”

“हिंदीत राहा मग! मराठीत कशाला आलास?”

हा किस्सा त्यांनी पुढे कुठकुठे सांगितला याला गणती नाही. गणपतीत सांगितला, हळदीकुंकवाला आत बायकांमध्ये जाऊन सांगितला, जयेशच्या स्वतःच्या लग्नात स्टेजवर चढून सांगितला. पन्नास प्रश्नांत त्यांनी तेवीस चुका काढल्या होत्या. प्रश्नांच्या आधी एक पान होतं, माहितीचं. नाव, गाव, जन्मतारीख, घरची हकिकत. तेही त्यांनी वाचलं. खाली लाल पेनने बरोबरची खूण केली आणि लिहिलं, ‘भाषा तपासली. ना. ग. रिसबूड.’

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मैदानावर दोन हजार मुलांनी ते कागद भरले. पेट्या दिल्लीला आल्या. आणि अण्णासाहेबांनी रेघ काढली, तर जिनाच नाही! सपाट माळ! चारांतल्या तीन मुलांच्या बापाचं शिक्षण ‘नाही’. कोणी ‘काही नाही’ लिहिलं होतं, कोणी ‘कधीच नाही’. एकाने तर ‘देवाच्या कृपेने नाही’ असं लिहिलं होतं. त्यावर अण्णासाहेब आठवडाभर हसत होते, खेड्यातल्या पोराचा भाबडेपणा म्हणून. आणि असल्या अडाणी बापांची पोरं गुणांत कुठेही मागे नव्हती.

त्यांचे मद्रासी साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले होते, “रिसबूड, हा आकडा विचित्र नाही वाटत? तुमच्या राज्यात एवढी माणसं निरक्षर?”

“सर,” अण्णासाहेब छाती फुगवून म्हणाले होते, “आमचं राज्यच विचित्र आहे.”

साहेबांनी मराठी तुकडी अहवालाच्या शेवटी, परिशिष्टात टाकून दिली. अण्णासाहेबांनी त्याला मत्सर म्हटलं. आणि अहवालात जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी त्या शोधाचं व्याख्यान केलं. ‘बाप निरक्षर, मुलगा अव्वल’. दिल्लीत जिथे चार मराठी खुर्च्या मांडल्या जातील तिथे ते झालं. एका मंडळाने शालही दिली. ती शाल बैठकीतल्या खुर्चीच्या पाठीवर कायम असायची, आणि पाहुणा टेकायला लागला की अलकनंदाबाई म्हणायच्या, “जरा संभाळून हं, संशोधन आहे ते.”

व्याख्यानाचा कळस म्हणजे एक मुलगा. अण्णासाहेबांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं, तक्त्यात नुसता क्रमांक उतरला होता. सांगली जिल्हा, जत तालुका. पन्नासपैकी सत्तेचाळीस गुण, त्या मैदानावरचा पहिला. आणि बापाच्या शिक्षणापुढे त्याने लिहिलं होतं, ‘एक वर्ष, पूर्ण केले.’

इथे अण्णासाहेब थांबायचे. पाण्याचा घोट घ्यायचे. “पूर्ण केले! मंडळी, अभिमान बघा पोराचा! बाप पहिलीच शिकला, पण अर्धवट नाही सोडली, पूर्ण केली!” लोक हसायचे, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मग आवाज बदलून ते म्हणायचे, “आणि पुढे काय झालं? वैद्यकीय तपासणीला बोलावलं, तर हा पठ्ठ्या आलाच नाही! शेरा काय, ‘हजर नाही’. हाच आपला मराठी आळस! गुण देवाने दिले, पण उठून जायला कोण सांगणार?” पुन्हा हशा.

हे सोळा वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी पहाडगंजच्या मराठी शाळेत व्याख्यान ठेवलं होतं. समोर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला आलेली मुलंमुली, गळ्याशी मफलर गुंडाळलेली. अण्णासाहेबांनी घोट घेतला, ‘पूर्ण केले’ झालं, ‘मराठी आळस’ झाला, हशा झाला. फक्त तिसऱ्या रांगेतली एक मुलगी हसली नाही. व्याख्यान देणाऱ्याला न हसलेलं माणूस आधी दिसतं.

चहाच्या वेळी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. अश्लेषा नाव. राजेंद्रनगरात तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती, दोन वर्षं झाली होती.

“सर, तो मुलगा जतचा, म्हणालात?”

“जतचाच. तू तिकडची का? वा!”

“तो माझा दादा आहे. संग्राम. आमचे आबा एक वर्ष शिकलेले नव्हते, सर. बी.एस्सी. बी.एड. होते. हायस्कूलला गणित शिकवायचे.”

अण्णासाहेबांनी कप बशीत ठेवला. “मग तुझ्या दादाने ‘एक वर्ष’ का लिहिलं?”

“कारण फॉर्मवर आबांची शिक्षा विचारली होती.”

अण्णासाहेब हसले. सवयीने हात खिशाकडे गेला. “शिक्षा नव्हे बाळ, शिक्षण! दोन वर्षांत मराठी बिघडलं तुझं. दिल्लीचं पाणी लागलं.”

“मला माहीत आहे, सर,” अश्लेषा म्हणाली. “फॉर्मला माहीत नव्हतं.”

मग तिने उभ्या उभ्या सांगितलं, आणि आवाज अजिबात चढवला नाही. आबा मोटारसायकलवरून शाळेतून येत होते, वळणावर एक म्हातारे आडवे आले. ते वाचले नाहीत. कोर्टाने आबांना एक वर्ष दिलं, आबांनी ते भोगलं, नोकरी गेली. घरी बसून त्यांनी पोराला गणित शिकवलं, दुसरं होतंच काय हातात. भरतीच्या दिवशी संग्रामने कागद वाचला, ‘वडिलांची शिक्षा’. लपवावंसं वाटलं होतं त्याला. पण फौजेत खोटं लिहून कसं जायचं, म्हणून त्याने खरं लिहिलं, आणि बापाची बाजू घ्यायची म्हणून पुढे लिहिलं, पूर्ण केले. बाहेर आल्यावर पोरं म्हणाली, “येडा का रं तू? आता पोलीस येतील घरी चौकशीला. घेतात होय तुला!” त्याने घरी येऊन आबांना सांगितलं. आबा एवढंच म्हणाले, “माझ्यापायी गेलं म्हण की तुझं.” यादी लागली ती बघायलाही तो गेला नाही.

“दादा आता जेसीबी चालवतो,” अश्लेषा म्हणाली. “दोघं एका घरात राहायचे, पण बोलायचे कामापुरतं. दादाने एकदाही आबांना दोष दिला नाही. आबांना तेच सोसायचं नाही.”

“आणि आता आबा...?”

“गेल्या मार्चमध्ये वारले.” तिने मफलर सारखा केला. “मी दिल्लीत उतरले ना सर, त्याच दिवशी एका इमारतीवर पाटी वाचली, शिक्षा मंत्रालय. म्हटलं, इथे शिक्षा म्हणजे शिक्षण, मग फॉर्मवरही तेच विचारलं असेल तर? दादाला फोन केला, तर म्हणाला, तुझं काहीतरीच, सरकार असं चुकेल व्हय. खात्री नव्हती म्हणून आबांना बोलले नाही. म्हटलं, आधी नक्की कळू दे. तुमच्याकडे तो कागद असेल तर बघाल का? आणि असेल तसं, तर दादाला तुम्हीच सांगा. माझं तो ऐकणार नाही.”

अण्णासाहेब “बघतो” म्हणाले. मेट्रोत त्यांना बसायला जागा मिळाली तरी ते उभेच राहिले, आणि उभ्या उभ्या त्यांनी स्वतःला समजावलं, की पोरगी भावनेच्या भरात आहे. त्यांनी स्वतः तपासलेला कागद. ‘चेष्टा’ पकडणारा माणूस ‘शिक्षा’ सोडील?

घरी आल्यावर त्यांनी दिवाणाचं झाकण उचललं. रजयांच्या खाली व्याख्यानाची फाइल, फाइलमध्ये गुणांचा तक्ता आणि एक कोरा फॉर्म. सहावी ओळ. ‘वडिलांची शिक्षा’. सातवी ओळ, ‘आईची शिक्षा’. खाली लाल खूण आणि त्यांची सही, र ला दिलेल्या त्या ऐटदार वळणासकट.

ते दिवाणाच्या कडेवर बसले. मग त्यांनी हाक मारली, “अगं, इकडे ये. यात काय चुकलंय, बघ.”

अलकनंदाबाई चष्मा लावून, हात पुसत आल्या. ओळी मोठ्याने वाचल्या. “नाव. गाव. वडिलांची शिक्षा. आईची शिक्षा. बहीणभाऊ. सगळं बरोबर तर आहे. क्या हुआ?”

“शिक्षा म्हणजे काय?”

“एज्युकेशन. और काय?” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं बोट ओळीवरच थांबलं. “अगं बाई!”

त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला चिडवलं नाही. त्याने तर अण्णासाहेब जास्तच खचले.

काय झालं होतं ते त्यांना आता दिसत होतं. तीस वर्षं बसच्या खिडकीतून, फायलींच्या पाठीवर, भिंतींवर तो शब्द रोज डोळ्यांसमोरून गेला होता. जीभ त्यांनी सांभाळली, डोळा गेला. ज्याला ते करोलबागेचा म्हणून हसायचे, त्याच्यात आणि त्यांच्यात त्या एका ओळीपुरता काहीच फरक उरला नव्हता. आणि त्या पोरांनी किती सरळ उत्तरं दिली होती! बापाला शिक्षा? नाही. कधीच नाही. देवाच्या कृपेने नाही. मद्रासी साहेबांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी त्यांना वास आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी जयेशला फोन लावला. संग्रामला लावण्याआधी. माणूस असं करतो.

“तो मराठी फॉर्म, आठ सालचा. पहिलं पान तूच केलं होतंस ना?”

“हो सर. का?”

अण्णासाहेबांनी सांगितलं. मग जयेश म्हणाला, “सर, मी तर शिक्षाच लिहिणार. मला कुठे मराठी येतं? तुम्हीच म्हणता सगळीकडे. म्हणून तर तुम्ही होतात ना बघायला.”

अण्णासाहेबांनी फोन ठेवला. खुर्चीच्या पाठीवर शाल होती. खरं बोलायचं, तर फोन न करताही चाललं असतं. बाप वारला होता, पोरगा छत्तिशीला आला होता, भरतीचं वय केव्हाच उलटलं होतं. अश्लेषाला ‘कागद सापडला नाही’ म्हणता आलं असतं, आणि दिवाणाच्या तळाशी कोण बघायला येतंय? हे सगळं अण्णासाहेबांच्या मनात येऊन गेलं. दोनदा आलं. मग त्यांनी शालीची घडी केली, ती फायलीवर ठेवली, झाकण लावलं, आणि अश्लेषाने दिलेला नंबर फिरवला.

मागे यंत्राचा घरघराट होता. “कोण बोलतंय? जरा थांबा, बंद करतो.” घरघर थांबली. “हां, बोला साहेब. आशीने सांगितलंय तुमचा फोन येईल म्हणून.”

अण्णासाहेबांनी सांगायला जे ठरवलं होतं ते सगळं शुद्ध, पूर्ण वाक्यांत होतं. त्यातलं एकही आलं नाही. “ते... शिक्षण विचारायचं होतं, संग्राम,” ते म्हणाले. “वडिलांचं शिक्षण. शब्द चुकला. माझ्याकडून चुकला. मीच तपासला होता.”

पलीकडे दार आपटल्याचा आवाज आला, संग्राम यंत्रातून खाली उतरला होता.

“म्हणजे ते विचारलंच नव्हतं?”

“नाही.”

“आबांचं ते... कुणाला पाहिजेच नव्हतं?”

“नाही रे.”

मग संग्रामने हळू विचारलं, “साहेब, मेडिकलच्या यादीत माझं नाव होतं का?”

अण्णासाहेबांपुढे तक्ता होता. ‘हजर नाही’ हा शेरा त्यांनी किती वेळा वाचून दाखवला होता. बोलावलं असूनही पोरगा का आला नसेल, एवढंही हसणाऱ्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“होतं,” ते म्हणाले. “पहिलं.”

संग्राम रडला नाही, की चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं अण्णासाहेबांना वाटलं. तो एवढंच म्हणाला, “आबांना कळायला पाहिजे होतं. दोन वर्सं आधी फोन केला असता तरी चाललं असतं.”

“मी काय करू, सांग. अर्ज करतो, पत्र लिहितो, जिथे म्हणशील तिथे...”

“आता काय करताय साहेब?” मग जरा थांबून, “एक करा. तुमच्या त्या कागदावर आबांचं काय लिहिलंय?”

अण्णासाहेबांना वाचावं लागलं. “इयत्ता पहिली.”

संग्राम चक्क हसला. कोरडं, पण हसला. “आबांनी ऐकलं असतं तर छडी घेऊन दिल्लीला आले असते. शिवाजी विद्यापीठाचे बी.एस्सी. होते ते, गणित घेऊन. तेवढं नीट करा.”

फोन ठेवल्यावर अण्णासाहेबांनी लाल पेन काढलं. ‘इयत्ता पहिली’ खोडली आणि वर लिहिलं, ‘बी.एस्सी. (गणित), बी.एड.’ सत्तेचाळीस गुण तिथेच होते. संख्याशास्त्रज्ञाची नजर, ती तिथे गेल्यावाचून राहीना. बाप पदवीधर, मुलाचे गुण सत्तेचाळीस. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर तो मुलगा अचूक बसत होता. अपवाद नव्हताच कधी. गणिताच्या मास्तरचा पोरगा गणितात पहिला आला होता, इतकी साधी गोष्ट.

‘हजर नाही’ या शेऱ्यावर मात्र त्यांचं पेन अडलं. तो खोटा नव्हता, म्हणून खोडता येईना. आणि खराही म्हणवेना.

अलकनंदाबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा ते तसेच बसले होते. त्यांनी कप ठेवला, खुर्चीच्या रिकाम्या पाठीकडे पाहिलं. शाल कुठे गेली, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात गुडगावच्या कोणी ऋग्वेद नावाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. ‘प्रतिक्षा’तला ति ऱ्हस्व होता. पत्रिका आणणारा चहा पिऊन वाट बघत बसला. अण्णासाहेबांनी पत्रिका दोनदा वाचली, घडी घातली, आणि “छान आहे,” म्हणाले.